बेटांवर न्यायची एकतीस ताटं

आमचा मुलगा जहाजावर नोकरीला आहे हे बालाघाटच्या आमच्या वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते मीच सांगितलं. तो तिथे अधिकारी आहे हेही मीच सांगितलं. यातली पहिली गोष्ट खरी आहे.

तो जहाजावर खोल्या साफ करतो. लोकांना समुद्रात आठ-दहा दिवस फिरवून आणणारी ही जहाजं असतात, एकेक एवढं मोठं की आमचा अख्खा वॉर्ड आत मावून वर जागा उरेल. त्यातल्या एका मजल्यावरच्या काही खोल्या त्याच्याकडे आहेत. सकाळी पलंग लावायचे, टॉवेल बदलायचे, न्हाणीघर घासायचं, संध्याकाळी पुन्हा एक फेरी. गोंदियाला तो हॉटेलचं काम शिकला, मुंबईत दोन वर्षं राबला, मग मुलाखत देऊन जहाजावर गेला. मी पस्तीस वर्षं परसवाड्याकडच्या शाळांत मास्तरकी केली, पण इंग्रजी तो माझ्यापेक्षा चांगलं बोलतो.

मग खोटं कशाला बोललो? माझे वडील गावचे कोटवार होते. कोटवार म्हणजे गावातला सरकारचा हरकाम्या. बैहरकडून साहेब दौऱ्यावर आला की पाणी भरा, गाडी धुवा, साहेबाचं जेवण होईपर्यंत अंगणात उभे राहा. मला मास्तरकीची ऑर्डर आली त्या दिवशी ते म्हणाले, "आता आपल्या घरचा कोणी कोणाच्या दाराशी उभा राहनार नाही." हे मी मनात पक्कं धरून बसलो. मुलाला नोकरी लागल्यावर विहारात कुणी तरी विचारलं, "गुरुजी, पोरगा कोणत्या पोस्टवर लागला?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अधिकारी." एकदा तोंडातून गेलेली गोष्ट परत गिळता येत नाही. मी तसा प्रयत्नही केला नाही. उलट पुढच्या वेळी कुणी विचारलं तर 'जहाज अधिकारी' असं पूर्ण सांगू लागलो.

तो पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा वॉर्डानं त्याचा सत्कार ठेवला. विहारात वंदना झाली, शाल झाली, पुष्पगुच्छ झाला, आणि माइकवरून 'आपल्या वॉर्डाचा पहिला जहाज अधिकारी' असं तीन वेळा सांगून झालं. मी पहिल्या रांगेत ताठ बसलो होतो. त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं तर तो 'जय भीम' आणि 'धन्यवाद' एवढेच दोन बोलला आणि खाली बसला. घरी येताना माझ्यापुढे दहा पावलं चालत होता. दारात पोचल्यावर वळून म्हणाला, "बाबा, आपने ऐसा क्यों बोला? मी काही चोरी करतो का?"

मी म्हणालो, "लोकं विचारतात बाबू, काही तरी सांगा लागते."

त्यानंतरच्या दोन सुट्ट्यांत तो घरी आला नाही. एक सुट्टी मुंबईत मित्रांकडे काढली, दुसरी घेतलीच नाही, पुढच्या करारावर सही करून मोकळा झाला. आईशी रोज बोलायचा. माझ्या वाट्याला शेवटी 'बाबा ठीक?' एवढंच यायचं, तेही तिच्यामार्फत. ती लोकांसमोर कधी एक शब्द बोलली नाही, पण घरात तिनं मला सोडलं नाही. म्हणायची, "खोटं बोलले तुमी, अन भोगून राह्यली मी."

अशात मागच्या उन्हाळ्यात त्यानं आईला फोनवर सांगितलं की त्याच्या जहाजावर घरच्या माणसांना एकदा फिरवून आणायची सोय असते, थंडीत या. जहाज जातं कुठे हे विचारायच्या आधीच हिनं हो म्हणून टाकलं. मग मला म्हणाली, "त्यानं दोघाईले बलावलं हाय. मी तर जाईन. तुमचं तुमी पाहा."

मी ताबडतोब हो म्हणालो. मुलगा बोलावतो आहे म्हटल्यावर मला आनंद झाला होता, आणि तितकीच भीतीही वाटली होती. तिथे आम्ही गादीवर बसलेलो असणार आणि तो बादली घेऊन दारात उभा असणार, हे माझ्या डोळ्यांसमोरून हटेना.

तयारी सुरू झाली. पासपोर्टासाठी जबलपूरला दोन चकरा झाल्या, कारण पहिल्या वेळी हिच्या माहेरच्या कागदावर एक जन्मवर्ष होतं आणि आधारवर दुसरं. जहाज अमेरिकेतून सुटतं, म्हणून तिथल्या व्हिसाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. बालाघाटात आमच्या चौकातच दोन ऑनलाइन दुकानं आहेत, तरी मी फाइल काखोटीला मारून गोंदियाला गेलो, कारण मुलाच्या कंपनीनं पाठवलेल्या पत्रात त्याचं काम स्पष्ट लिहिलेलं होतं आणि त्यातल्या एका दुकानाच्या मालकीणबाई आमच्या विहारात पेटी वाजवतात. हिनं विचारलं, "गोंदियाले काहून?" मी सांगितलं, तिकडे इंटरनेट चांगलं चालतं.

मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीत काचेपलीकडच्या गोऱ्या बाईनं विचारलं, मुलगा काय करतो? मी इंग्रजीत सरळ सांगितलं, जहाजावर खोल्या साफ करतो. जीभ जराही अडखळली नाही. बाई हसली, 'छान' म्हणाली आणि व्हिसा देऊन टाकला. परतीच्या गाडीत माझ्या लक्षात आलं की खोटं मी फक्त आपल्या माणसांत बोलतो.

शाळेतून रद्द झालेला जगाचा एक नकाशा माझ्याकडे होता, तो मी भिंतीवर टांगला. जहाज ज्या बेटांकडे जातं ती अमेरिकेच्या पोटाखाली समुद्रात आहेत, पण आमच्या नकाशावर माशीनं घाण केल्यासारखे ठिपके दिसत, त्यामुळे पेन्सिलीनं गोल करून ठेवले. जहाज चार बेटांवर थांबणार होतं. कुठे किती तास, कुठे चालायचं किती, हिच्या गुडघ्याला कुठलं झेपेल, हे सगळं मुलगा सांगायचा आणि ही माझ्याकडून वहीत लिहून घ्यायची. पहिल्या बेटावर किल्ला आहे, पायऱ्या पुष्कळ, आईनं खालीच बसावं. दुसऱ्यावर बाजार. तिसऱ्यावर नुसता समुद्रकिनारा. चौथ्यावर त्याच्याबरोबर धुलाईखान्यात काम करणाऱ्या एका बाईचं घर होतं, तिच्या आईनं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. हिनं त्या चौथ्या बेटाभोवती पेन्सिलीनं आणखी एक गोल केला.

पावसाळा सरता सरता त्या समुद्रात मोठं चक्रीवादळ झालं. टीव्हीवर पाहिलं तर छपरं उडालेली घरं, रस्त्यात येऊन पडलेल्या होड्या, आणि बुंध्यात मोडलेली नारळाची झाडं. मुलाचा फोन आला. जहाज आधीच दुसरीकडे वळवलं होतं, तो सुखरूप होता. किल्ल्याचं बेट यादीतून गेलं, किनाऱ्याचं गेलं. बाजाराच्या बेटावर फारसं काही झालं नव्हतं. चौथ्या बेटावरचा जहाज लागायचा धक्का दुरुस्त होतो आहे, आपल्या फेरीपर्यंत होईल म्हणाला. त्या बाईच्या आईच्या घरावर छप्पर उरलं नव्हतं. म्हातारी चर्चमध्ये राहत होती.

सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. मला हवी होती ती सबब वादळानं आणून दिली. संध्याकाळी मी हिला समोर बसवून वर्गात बोलतात तसा बोललो. लोकांची घरं पडलेली आहेत, पोरंबाळं उघड्यावर आहेत, आणि आपण तिथे बोट घेऊन मजा मारायला जायचं? हे आपल्या संस्कारात बसतं का? पुढच्या वर्षी पाहू. बोलता बोलता मला स्वतःलाच ते पटायला लागलं होतं.

ही भाजी निवडत होती. म्हणाली, "झालं?"

"झालं."

"माह्या माहेरी वैनगंगेचं पानी घुसलं होतं तवा तुमी आलते. आठोते?"

आठवत होतं. हिचं माहेर नदीकाठचं. मातीची घरं बसून गेली होती. पुढचे आठ दिवस रस्त्यावर गाड्यांची रांग. माणसं उतरायची, मोबाइल वर धरून फोटो काढायची, 'अरे बाप रे' म्हणायची आणि जायची. हट्टा गावाकडच्या काही बाया मात्र टोपलीत भाकरी आणि पायली पायली तांदूळ घेऊन आल्या, चिखलात बसल्या, रडल्या, खाऊ घातलं आणि मग गेल्या.

"पाहाले आलेले लोकं येगळे, अन भेटाले आलेले येगळे," ही म्हणाली. "आपन भेटाले जाऊ. म्हातारीनं जेवाले बलावलं होतं. आता तिच्या घरी चूल नाही, म्हून आपन जानं टाळाचं का? तुमचं कारन दुसरंच हाय. मले माहीत हाय."

मुलानंही तेच सांगितलं, पण वेगळ्या तऱ्हेनं. त्या बेटावरची माणसं म्हणतात की जहाज आलं तर बाजार उघडतो, टॅक्सी चालते, चार घरांत पैसा जातो. 'आम्ही पडलो आहोत म्हणून कुणी येत नाही, आणि कुणी येत नाही म्हणून उठता येत नाही,' असं त्या बाईची आई बोलली होती. जायचं ठरलं. मी नकाशाकडे पाहत बसलो.

आमच्या वॉर्डात एक रीत आहे. कुणाचं घर जळलं किंवा पडलं तर प्रत्येक घरातून एक नवीन ताट जातं. नव्या चुलीवरचं पहिलं जेवण उसन्या ताटात होऊ नये, एवढाच त्यातला अर्थ. हिनं विहारात म्हातारीची हकीकत सांगितली, आणि आठ दिवसांत महिला मंडळानं एकतीस घरांतून एकतीस ताटं जमवली. स्टीलची, चांगली जड. कुणी कुणी तांदूळही आणून दिला. विमानातून परदेशात तांदूळ नेऊ देत नाहीत हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. "चिन्नोर हाय गुरुजी, वास पाहा," म्हणून एकीनं मूठ माझ्या नाकाखाली धरली. वास उत्तमच होता. तांदूळ परत गेला, ताटं राहिली.

आपल्याकडे ताट भेट द्यायचं तर त्यावर नाव घालतात. नुसतं ताट देणं म्हणजे पाकिटाशिवाय पत्र टाकल्यासारखं. मंडळाच्या बाया मला न विचारता भांड्यांच्या दुकानात गेल्या, दुकानदारानं मशीन लावून कर्र कर्र करत एकतीस ताटांवर मजकूर कोरला, आणि एका दुपारी सगळ्या जणी पोतं घेऊन आमच्या ओसरीवर हजर झाल्या. मला वाचता यावं म्हणून एक ताट उजेडात धरलं.

'वॉर्डातर्फे सप्रेम भेट', आणि त्याखाली, 'जहाज अधिकारी', मग माझ्या मुलाचं पूर्ण नाव, 'यांच्या हस्ते'.

एकतीस वेळा. सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, मला किती आनंद होतो ते बघायला. मी म्हणालो, "वा! फार छान." ही आत निघून गेली. पेटीवाल्या बाईंनी ताटाचा फोटो काढला आणि वॉर्डाच्या मोबाइल ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर आमचा मुलगाही आहे.

चार दिवस त्याचा फोन आला नाही. आईलाही नाही. ही रोज ठरलेल्या वेळी फोन मांडीवर घेऊन बसायची आणि तासाभरानं उठायची. माझ्याशी बोलणंही बंद. चौथ्या दिवशी माझ्या फोनवर त्याचा मेसेज आला. मला, आईला नाही. हिंदीत होता. 'बाबा, आपका कमरा नौवीं मंज़िल पर करवा दिया है। मेरी ड्यूटी छठी पर रहती है। काम करते हुए मैं आपको दिखूँगा नहीं। आप आराम से घूमना।'

मी तो मेसेज चारपाच वेळा वाचला. त्यात राग कुठेच नव्हता. राग असता तर मी चार शब्द सुनावले असते, ते मला जमतं. माझ्या पोरानं माझी लाज राखायला स्वतःला तीन मजले खाली लपवून ठेवलं होतं. मी उठून नकाशासमोर उभा राहिलो आणि रडलो. पस्तीस वर्षांत कुठल्या पोराला मी वर्गाबाहेर उभं केलं नव्हतं, आणि घरच्या पोराला केलं.

हिनं मेसेज वाचला आणि फोन परत दिला. म्हणाली, "आता तरी."

त्या रविवारी वंदना झाल्यावर मी विहारात उभा राहिलो. माइक मागितला नाही. म्हणालो, "ताटावर जे लिवलं हाय थे चुकीचं हाय. माहा पोरगा अधिकारी नाही. तो जहाजावर खोल्या साफ करते. पलंग लावते, संडास घासते. मी खोटं बोललो. तो नाही बोलला, मी बोललो."

बसलेल्यांत आमच्या वॉर्डातली सगळ्यात म्हातारी बाई होती, जिनं बिड्या वळून चार लेकरं वाढवली आणि जिच्यापुढे नगरसेवकाचंही काही चालत नाही. ती म्हणाली, "गुरुजी, बसा खाली."

मी बसलो.

"तुमाले का वाटलं, आमी तुमच्या अफसराले ताटं देलो? थ्या म्हातारीचं छप्पर उडालं म्हून देलो."

"पण मग ते अधिकारी काहून घातलं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुमाले लय आवडते ना थे," ती म्हणाली, "म्हून घातलं."

बायांत हसू फुटलं, आणि पेटीवाल्या बाई सगळ्यांत आधी हसल्या. एवढी वर्षं किती जणांना माहीत होतं कोण जाणे. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन मी भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "कोरलेलं निघत नाही गुरुजी. वरून रेघा मारता येतील." मग एकतीस ताटांवरच्या त्या एका शब्दावर त्यानं मशीन फिरवलं. आता तिथे बोटाएवढा काळपट चट्टा आहे. दिसायला वाईट दिसतं, पण त्यात जेवता येतं. पोत्याचं वजन केलं तर ते विमानातल्या एका बॅगेच्या वजनात बसतंय. हिनं तिचे दोन शालू काढून ठेवले आणि माझा कोट.

संध्याकाळी मी त्याला फोन लावला. व्हिडिओवर. एवढ्या दिवसांत मी स्वतःहून लावलेला तो पहिलाच. तो एका अरुंद बोळात उभा होता, पाठीमागे टॉवेलांनी भरलेली गाडी, अंगावर कामाचे कपडे. मला पाहून त्यानं गाडी चटकन चौकटीबाहेर ढकलली.

मी म्हणालो, "राहू दे थे."

मी विहारात काय झालं ते सांगितलं, वॉर्डातली म्हातारी काय बोलली तेही. त्याला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. मग मी ज्यासाठी फोन केला होता ते म्हणालो, "आमची खोली सहाव्या मजल्यावर घे. तुह्याच खोल्याईत."

"बाबा, पक्का? मैं ही आऊँगा साफ करने. रोज."

"हौ. म्हूनच म्हणतो."

ही मागून माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्यानं हाताच्या मागच्या बाजूनं नाक पुसलं आणि तीन वर्षांनंतर पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलला.

"मंग तुमची खोली मी सगळ्याईच्या शेवटी करीन बाबा," तो म्हणाला. "थोडा वेळ बसता येईन तुमच्यापाशी."